कागदाएवढी फट

मिस्तरींच्या कानाला खुळखुळ सहन होत नसे. जेवताना टेबलाचा पाय डुगडुगला तर ते हातातला घास खाली ठेवून उठायचे, कागदाची घडी करून पायाखाली सरकवायचे, दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहायचे आणि मगच पुन्हा बसायचे. बायको होती तोवर म्हणायची, "माझे दात हलायला लागले की त्यांनाही कागद लावा." ती गेली, दात सगळे शाबूत असतानाच गेली. सवय मात्र मागे राहिली.

त्या सवयीवरच त्यांचं पोट होतं. मिस्तरी पिस्तुलं जुळवायचे. कारखान्यातून पिस्तूल येतं तेव्हा त्याचे भाग एकमेकांत सैल बसलेले असतात; कानाशी धरून हलवलं तर वाजतात. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं आवरण, मागे जाते, पुढे येते, आणि दर वेळी नळी केसभर वेगळ्या जागी बसते. पंधरा पावलांवर त्या केसाचं बोट होतं. मिस्तरी तो केस काढून टाकायचे. स्लाइड ज्या पट्ट्यांवर धावते त्या आधी ठोकून घट्ट करायच्या, मग निळी शाई लावायची, स्लाइड सरकवायची, काढून पाहायचं आणि शाई जिथे खरवडली असेल तेवढाच ठिपका कानशीने घ्यायचा. पुन्हा शाई. असं दोनशे वेळा, तीनशे वेळा. शेवटी चांगल्या कपाटाचं दार मिटावं तशी स्लाइड मिटायची आणि नळीचं तोंड दर वेळी त्याच जागी येऊन बसायचं. "हात चांगलाच असतो हो," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "पिस्तूल विसरभोळं असतं. मी त्याला आठवण ठेवायला शिकवतो, एवढंच."

गिऱ्हाईक बहुतेक स्पर्धेत उतरणारं. शेवटचा हात लेक फिरवायची. बोचऱ्या कडा मारणं, चाप मऊ करणं, रंग देणं, आणि मूठ. समोरच्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा देऊन ती म्हणायची, "चोराची मान समजून धरा." त्या ठशावरून अक्रोडाच्या दोन फळ्या कोरायची. नवराही तिला असाच भेटला. मित्राबरोबर आला होता, गंमत म्हणून माती धरायला बसला, आणि त्याने ती इतकी हलकी धरली की ठसाच उमटेना. "चोर तुमचा नातेवाईक आहे का?" तिने विचारलं. दीड वर्षाने मिस्तरी त्याला जावईबापू म्हणू लागले.

जावई दगडाच्या खाणीवर होता. सुरुंगाची दारू ठेवतात त्या कोठाराचा पहारेकरी. दोन महिन्यांपूर्वी दोघेजण कोठार फोडायला आले आणि त्यात तो गेला.

त्या दुपारी लेक दुकानात आली ती हातात एक जाड कागदी पिशवी घेऊन. पिशवीत त्याचे बूट होते, घडी केलेली विजार होती आणि फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल. सगळ्यांत वर चौकशीचा अहवाल.

"दिलं त्यांनी परत," ती म्हणाली. "वाचून दाखवते." आणि उभ्यानेच वाचलं. पहिली गोळी सुटली, चोरट्यांपैकी एकाच्या खांद्यात लागली. दुसरी सुटली नाही. स्लाइड पूर्ण मिटली नव्हती. पिस्तुलात धूळ व मळ आढळला. मृत पहारेकऱ्याने शस्त्राची देखभाल करण्यात हलगर्जी केल्याचे दिसते.

मिस्तरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हलगर्जी," लेक म्हणाली. "दोन महिने हाच शब्द खाणीवरचे तोंडातल्या तोंडात बोलत होते, आता छापून आला. आणि बाबा, मला त्याचा राग येतो. फोटोसमोर उभी राहिले तरी मनात तेच येतं, की अरे, दहा मिनिटं काढून पुसायचं होतंस. माझा बाप पिस्तुलाचा मिस्तरी, मी पॉलिशवाली, आणि तू मळलेलं पिस्तूल घेऊन उभा राहिलास. रडायला बसते आणि भांडूनच उठते."

दोन महिने मिस्तरी याच गोष्टीवर काही बोलले नव्हते. लोकांना वाटे, म्हातारा दुःखाने मुका झालाय.

त्यांना आठवत होतं ते निराळंच. वर्षापूर्वी जावई याच स्टुलावर बसला होता, मान खाली घालून. खाणीच्या कंपनीने नेमाची परीक्षा घेतली होती, दहापैकी चार. पुन्हा नापास झाला तर कोठारावरून काढून फाटकावर बसवणार होते. "मामा, हात वाईट नाही हो माझा," तो म्हणाला होता. "हे वाजतं." मिस्तरींनी पिस्तूल कानाशी धरलं आणि उसाचा रस समजून औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. "जावईबापू, हे पिस्तूल आहे की लहान मुलाचा खुळखुळा?" सहा दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या माणसालाही जेवढं घट्ट दिलं नव्हतं तेवढं घट्ट केलं. आपल्या माणसाचं काम, मग त्यात कसर कशी ठेवायची? मागच्या बंद गल्लीत, वाळूच्या पोत्यांसमोर, जावयाने पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका नाण्याखाली झाकल्या गेल्या. तो कागद मिस्तरींनी चौकटीत घालून भिंतीवर लावला. पुढच्या परीक्षेत दहापैकी दहा.

जाताना त्यांनी एक छोटी बाटली दिली होती. घड्याळाचं तेल, पातळ, जरासा लवंगेचा वास असलेलं. "घट्ट आहे हं. कोरडं ठेवू नका. रोज तेल. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं चालेल."

एवढं सगळं सांगितलं. एकच विचारलं नव्हतं. तुम्ही उभे कुठे राहता?

"उघडा," लेक म्हणाली. तिने फडकं सोडून पिस्तूल बाकावर ठेवलं. स्लाइड अजून तशीच होती, बोटभर मागे, मिटता मिटता थांबलेली. "त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, गोळ्या काढून घेतल्या, बाकी काही खोललं नाही. तुम्ही खोला. आणि बाबा म्हणून विचारत नाही, मिस्तरी म्हणून विचारते. हलगर्जी होती की नव्हती? होती तर होती म्हणा. निदान रागवायचं तरी कुणावर, ते पक्कं होईल."

मिस्तरींनी खुंटी काढली, लाकडी हातोडीने दोन हलके ठोके दिले. स्लाइड सुटली. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. पार्सलवाला होता, सही हवी होती. लेक दाराकडे गेली.

बाकावर आलेली वस्तू आधी पुसायची, मग पाहायची, हा मिस्तरींचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. हात डोक्याला विचारत नाही. डाव्या पट्टीवरून त्यांनी चिंधी ओढली, आणि चिंधी पाहून हात जागच्या जागी थांबला.

चिंधीवर करडी पेस्ट आली होती. मळ नव्हता तो. मळ काळा असतो, त्यात जळक्या दारूची काजळी असते, जुनं वाळलेलं तेल असतं. हे पिठासारख्या बारीक दगडाच्या धुळीचं आणि ताज्या तेलाचं मळण होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं. लवंगेचा वास.

त्या एका गोळीची काजळी सोडली तर नळी आतून आरशासारखी होती. घोड्याच्या सांध्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथेही ब्रश फिरल्याच्या रेघा होत्या. पोराने पिस्तूल त्याच दिवशी पुसलं होतं. रोजच पुसत असणार. आणि रोज तेल घालत होता, सांगितलं होतं तसं, कमी पडण्यापेक्षा जास्त. खाणीवर दिवसभर दगड फुटायचे, हवेत पांढरं पीठ तरंगायचं, ते त्या तेलाला चिकटायचं. सैल पिस्तुलातून ते झडून गेलं असतं. या पिस्तुलात झडायला जागाच नव्हती. पट्टी आणि स्लाइड यांच्यामध्ये कागद जाईल एवढी फट कारखान्याने ठेवली होती, आणि ती मिस्तरींनी सहा दिवस बसून, निळी शाई लावून लावून, बंद केली होती.

बाकाखाली रॉकेलचा डबा होता. वापरलेल्या चिंध्या त्यात टाकायच्या. चिंधी टाकली, दुसऱ्या पट्टीवरून तोच हात फिरवला, की संपलं. मळ होता म्हणायचं. लेक चार महिने रडेल, नवऱ्यावर रागावेल, मेलेल्या माणसाला त्याचं काय? आणि या वयात एकच पोर उरली होती त्यांना. सकाळी दुकानात पाऊल टाकताना तिच्या चपला आधीच दाराशी दिसायच्या, त्यावर त्यांचा दिवस चालायचा.

चिंधी डब्यावर धरलेल्या हातात होती. दारात लेक पार्सलवाल्याला म्हणत होती, "पेन चालत नाही हो तुमचं. घासूनच सही करू का?"

देव काही डब्यातून वर येऊन बोलत नाही. पण भिंतीवर तो कागद होता, पाच भोकांचा. आणि तिथे नेम धरून उभा राहिलेला पोरगा त्यांना दिसला, जीभ दातांत धरून. नाण्याखाली पाचही झाकल्यावर तो म्हणाला होता, "मामा, आता मला काही होत नाही."

लेक आत आली तेव्हा मिस्तरींनी चिंधी पांढऱ्या कागदावर उलगडून ठेवली होती. शेजारी स्लाइड उलटी ठेवली होती, उजवी बाजू न पुसलेली.

"डावी बाजू मी पुसली," ते म्हणाले. "हात गेला. उजवी आहे तशी आहे. तूच बघ."

ती वाकली. बोटाच्या टोकावर थोडं घेतलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. तीही पंधरा वर्षं याच बाकावर वाढलेली. तिला सांगायला लागलं नाही.

"हे आपलं तेल आहे," ती म्हणाली.

"हो."

"ताजं आहे."

"हो."

"म्हणजे पुसलं होतं त्याने."

"त्याच दिवशी."

मग तिने विजार उचलली, खाली दुमडलेली बाजू उलगडली आणि कागदावर झटकली. पांढऱ्या धुळीची छोटी रास पडली. तिने दोन्ही पट्ट्या स्वच्छ केल्या, तेल घातलं, पिस्तूल जोडलं, रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं. स्लाइड ओढून सोडली. मिटली, दार मिटावं तशी. मग चिमूटभर धूळ वरून भुरभुरवली. ओढून सोडली. मिटली. पुन्हा चिमूट. तिसऱ्या वेळी स्लाइड पुढे आली, संथ झाली, आणि मिटायला बोटभर उरलं असताना थांबली.

फळीवर एका गिऱ्हाइकाचं नवंकोरं पिस्तूल होतं, अजून मिस्तरींचा हात न लागलेलं. तिने तेही रिकामं केलं, तीच धूळ घातली, तेच तेल. ओढलं, सोडलं. खुळखुळलं. धूळ बाहेर सांडली. दहा वेळा ओढलं, दहा वेळा खडखडत, वाजत, मिटलं.

मिस्तरींनी कानावर हात ठेवले नाहीत, पण ठेवावेसे वाटले.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?" लेकीने विचारलं. आवाज चढला नव्हता.

"आत काय होतं ते आत्ता कळलं. पण स्लाइड मिटली नाही असं ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवशीच मनात आलं."

"दोन महिने."

"हो."

"मी तुमच्यासमोर बसून त्याला शिव्या घालत होते. जेवताना. तुम्ही मला भाजी वाढत होतात."

मिस्तरींनी मान हलवली, तीही कशासाठी ते त्यांनाच कळलं नाही.

"मला सांगायचं होतंत तुम्ही," ती म्हणाली, "की तो हलगर्जी नव्हता, आज्ञाधारक होता." मग तिने बारीक पेचकस घेतला आणि पिस्तुलाच्या मुठीचे चार स्क्रू काढले. तिने कोरलेल्या अक्रोडाच्या दोन फळ्या निघाल्या. अंगठ्याच्या जागी खोलगट भाग होता, तिच्या अंगठ्यापेक्षा मोठा, घामाने काळपट झालेला. त्या तिने फडक्यात बांधल्या. लोखंड बाकावर तसंच राहू दिलं.

"कागद घ्या," ती म्हणाली. "लिहा. मी उभी आहे."

खाणीचा सुरक्षा अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला. त्याने मिस्तरींचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि पेन टेबलावर टकटक करत बसला. "काका, लोक काय म्हणतील सांगू? सासरा जावयाचं नाव धुवायला आला. आणि दुसरं म्हणजे, पहाऱ्याचं हत्यार बदलायची परवानगी तुमच्या परवान्यात नाही. हे मी वर पाठवलं तर दुकानाला कुलूप लागेल."

"पाठवा."

"विचार करा. वय काय तुमचं?"

"तुमच्या टेबलाचा पाय हलतोय," मिस्तरी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. अधिकारी खाली वाकून पाहू लागला. तोवर लेकीने पिशवीतून चौकट काढली, मागचे खिळे वाकवले, आणि पाच भोकांचा कागद त्या लिहिलेल्यावर ठेवला. तारीख होती, पिस्तुलाचा नंबर होता, खाली मिस्तरींच्याच अक्षरात 'पाच गोळ्या, एक नाणं' असं होतं. चिंधी आणि धूळ वेगवेगळ्या पुड्यांत होती. "हाही जोडा," ती म्हणाली. "त्यांनी आनंदाने लिहिलंय ते. खोटं कशाला लिहितील?"

बाहेर आल्यावर मिस्तरींना वाटलं, आता घरी जायचं. लेक दुसऱ्या रस्त्याला वळली.

"कुठे?"

"सासूबाईंकडे. त्यांनाही शेजारच्या बायका हलगर्जीच सांगतात. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

कागदावर लिहिणं सोपं गेलं होतं. विहीणबाईंच्या दारात मिस्तरींनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. विहीणबाईंनी पाणी आणून दिलं, समोर बसल्या आणि ऐकून घेतलं. मिस्तरींनी शाईपासून सुरुवात केली, पट्ट्या, फट, धूळ. मध्येच कळलं की आपण गिऱ्हाइकाला समजावल्यासारखं बोलतोय. थांबले, आणि एवढंच म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या मुलाची चूक नव्हती. माझी होती."

विहीणबाई उठल्या, आत गेल्या आणि एक दात घासायचा जुना ब्रश घेऊन आल्या. केस काळे पडलेले, एका बाजूला वाकलेले. त्याच्याबरोबर तेलाची ती बाटली, तळाशी थोडं तेल उरलेलं.

"रोज संध्याकाळी, ही दुकानात असायची तेव्हा, इथे खिडकीत पिस्तूल पुसत बसायचा," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, अरे, एवढं तेल बायकोच्या केसांना लावलं असतंस तर पायापर्यंत वाढले असते. तर म्हणायचा, आई, मामांनी सांगितलंय. ते सांगतात तेवढं करायचं, आपण डोकं चालवायचं नाही." त्या लेकीकडे वळल्या. "केस काय लांब नाहीत गं तुझे."

लेक पहिल्यांदा रडली. त्या दोन महिन्यांत भांडण न करता पहिल्यांदा. विहीणबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तसंच धरून मिस्तरींकडे पाहिलं.

"तुम्ही आलात, सांगितलंत, ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण चहा नाही ठेवत, व्याहीबुवा. राग मानू नका. आज माझ्याच्याने तुम्हाला चहा देववणार नाही."

"नको, नको," मिस्तरी उठत म्हणाले.

लेक उठली नाही. "मी इथेच राहते," ती म्हणाली. "कपडे कुणाला तरी पाठवून मागवीन."

"दुकानात..."

"दुकान राहणार आहे का?"

ते खरंच होतं. आठवड्याने कुलूप लागलं. महिन्याने अहवालातलं ते वाक्य बदलल्याचा कागद आला, विहीणबाईंच्या पत्त्यावर. मिस्तरींना तो कुणी दाखवला नाही; खाणीवरच्या एका माणसाने रस्त्यात सांगितलं. हलगर्जी हा शब्द काढलाय म्हणे, आणि त्याच्या जागी लिहिलंय, शस्त्राची देखभाल नियमित होती.

कुलूप लागायच्या आदल्या दिवशी मिस्तरींनी फळीवरचं ते नवंकोरं पिस्तूल गिऱ्हाइकाला परत दिलं. काम न करता. तो माणूस चिडला. कानाशी धरून हलवून दाखवलं त्याने. "ऐका, ऐका, केवढं वाजतंय. यासाठीच तर तुमच्याकडे आलो होतो."

"वाजू द्या," मिस्तरी म्हणाले.

घरी आता ते एकटेच जेवतात. टेबलाचा पाय हलतो. कागद खिशात असतो, घडी करून ठेवलेला. ते तो काढत नाहीत. एका हाताने ताट धरून ठेवतात आणि दुसऱ्या हाताने जेवतात.